मोठ्या बाईंची बातमी

मी फळा आहे, आणि आधीच सांगतो, मी शाळेतला फळा नाही. शाळेतल्या फळ्यावर काहीही लिहा, तो मुकाट्याने अंगावर घेतो. मी बाजारात वाढलोय. माझ्यावर खोटं लिहिलेलं मला कळतं आणि ते मला चावतं.

मेहदिया या समुद्रकाठच्या गावात, बंदरामागे, एका सुताराने निलगिरीच्या फळ्या जोडून मला बनवलं आणि होडीला लावून उरलेला काळा रंग मला फासला. तिथून मी गेलो खमीस मासळीवाल्याच्या दुकानात. अकरा वर्षं तिथे काढली. तारली, बोय, माकूळ अशी नावं ओळीने, आणि सगळ्यांच्या वर एक कायमची ओळ: ‘आजची, ताजी.’ मंगळवारची तारली गुरुवारीही आजचीच! खमीस मनाने वाईट नाही, त्याचा ‘आज’ फक्त फार लांबलचक असतो. पण लोक माझ्याकडे बघून फसायचे, खमीसकडे बघून नाही. ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

पुढे त्याने दिव्यांची लुकलुकणारी पाटी आणली. मी बर्फाच्या पेटीवर झाकण म्हणून पडलो. दोन उन्हाळे माझ्या अंगावर मांजरं झोपली.

तिथून मला उचललं दलेंदाने. गावातल्या मोठ्या शाळेच्या प्रयोगशाळेत ती एकतीस वर्षं मदतनीस होती. परीक्षानळ्या धुवायची, बेडकांची हाडं जोडायची, आणि शिक्षक चुकले की मागून खोकायची. मग तिची मूत्रपिंडं बंद पडली. सोमवार, बुधवार, शुक्रवार रुग्णालयात चार-चार तास यंत्राला जोडून पडायचं, घोटभर पाणीसुद्धा मापून प्यायचं, असं आयुष्य झालं.

“हा फळा मला दे,” ती खमीसला म्हणाली.

“घेऊन जा, लेल्ला,” तो म्हणाला. आमच्याकडे बाईमाणसाला मानाने असं म्हणतात. “ पण मासळीचा वास जायचा नाही हां.”

“राहू दे. मांजरं तरी वाचायला येतील.”

तिने मला आपल्या निळ्या दाराशेजारी टांगलं. कशासाठी, ते ऐका. गल्लीतून जाणारं प्रत्येक माणूस तिच्या दारात थांबायचं, मान एका बाजूला कलती करायचं आणि मयताला आल्यासारख्या आवाजात विचारायचं, “कसं आहे आता?” उत्तराची वाटही न बघता सल्ला सुरू. मेथी उकळून पी. अमक्याच्या चुलत्याने बकरीचं दूध घेतलं, खडखडीत बरा झाला. मला या लोकांची चीड येते. जिवंत बाईसमोर उभे राहून ते तिच्या आजाराशी बोलतात.

दलेंदालाही चीड आली. तिने खडू घेतला आणि लिहिलं:

‘माझी तब्येत: कालच्यासारखीच. आता खरी बातमी. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. मला मूत्रपिंडं दोनच, ती दोन्ही संपावर.’

ही माझी पहिली खरी बातमी. त्या दिवशी मला वाटलं, मी आज जन्माला आलो.

यंत्रावर पडल्या पडल्या ती रेडिओ ऐकायची, मासिकं वाचायची, खिडकीतून दिसेल ते टिपून घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यावर उतरायचं. ‘पाकोळी उडता उडता झोप काढते. जमिनीवर पडलेली दिसली तर उंचावर ठेवा, पाणी पाजू नका.’ ‘चंद्र दर वर्षी आपल्यापासून दोन बोटं लांब जातो.’

खमीस कानामागे मोगऱ्याचा गुच्छ खोचून बंदरावर निघाला की माझ्यासमोर थांबायचा आणि मासळी विकायच्या आवाजात सगळं वाचून दाखवायचा. गल्लीत निम्म्या बायकांना अक्षर येत नव्हतं, त्या दारातून ऐकायच्या.

“चंद्र लांब जातोय म्हणे!” खमीस ओरडला.

“माझा जावईपण,” समोरून मब्रूका म्हणाली. “दर वर्षी दोन गावं.”

मब्रूका गल्लीची दाई. अर्धी गल्ली तिच्या हातांवर या जगात उतरलेली. खमीस उलटा आला होता, हे ती त्याला चारचौघांत ऐकवायची. तिला वाचता येत नव्हतं. दलेंदाला ती ‘पोरी’ म्हणायची, दलेंदा तिला ‘मावशी’. बिनमिठाचा कुसकुस रांधून रोज पोचवायची आणि दलेंदाचं ताट रिकामं होईपर्यंत हलायची नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मब्रूकाच्या दारातल्या डाळिंबावर एक घोयरा सरडा आला. रंग बदलणारा, शेपटीची गुंडाळी करून बसणारा. होती मादी. एक डोळा पुढे, एक मागे. दलेंदाने लिहिलं, ‘हिचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात.’ खमीस म्हणाला, “आमच्या मुख्याध्यापिकेसारखे! एक डोळा फळ्यावर, एक शेवटच्या बाकावर.” झालं, तेव्हापासून तिचं नाव मोठ्या बाई.

आता बातमीला रंग चढला. ‘मोठ्या बाईंनी आज सात माश्या गिळल्या.’ ‘मोठ्या बाई पाऊल पुढे टाकून तीनदा झुलल्या, मग बेत रद्द केला.’ लोक सकाळी दारात थांबायचे आणि दलेंदाच्या तब्येतीचं विसरून विचारायचे, “बाई उठल्या का?” दलेंदा खुर्ची ओढून आणायची, त्यावर चढायची, लिहायची. तिची चुलत बहीण म्हणाली, आजारी माणसाने इतकी शक्ती वाया घालवू नये. वाया! ती खुर्चीवर उभी असतानाच तिच्या चेहऱ्यावर रक्ताची लाली दिसायची, हे त्या चुलत बहिणीने कधी बघितलं नाही.

आणि इथेच आम्ही चूक केली. आम्ही म्हणतो, कारण खडू तिचा होता, पण अंग माझं होतं. बातमी नेमकी हवी म्हणून तिने लिहिलं: ‘मोठ्या बाईंच्या अंगावर पिवळे ठिपके उमटलेत. अर्थ शोधते आहे. मुक्काम: मब्रूकाचं डाळिंब, भिंतीकडची तिसरी फांदी, खालच्या बाजूला.’

त्याच दुपारी यंत्राला जोडायची तिच्या हातातली शीर बुजली आणि ताप चढला. नऊ दिवस ती रुग्णालयात राहिली. नऊ दिवस ती बातमी माझ्या अंगावर तशीच. खमीस रोज सकाळी तीच पुन्हा वाचायचा, नव्या बातमीची आशा म्हणून. तिसरी फांदी, खालच्या बाजूला. तिसरी फांदी, खालच्या बाजूला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दृष्ट लागली, करणी झाली, आजार हटत नाही, की घोयरा सरडा जिवंत निखाऱ्यात टाकतात आणि धूर आजाऱ्याच्या अंगावरून जाऊ देतात. बाजारात जडीबुटीवाले ते सरडे सुकवून माळेने टांगतात आणि वर तोंड करून हसतात. त्यांच्या पाटीवरही ‘ताजा’ लिहिलेलं असतं म्हणे.

दहाव्या दिवशी दलेंदा घरी आली. गाल बसलेले, हातावर पट्टी. तिला दारातच खुर्चीवर बसवलं, ऊन मिळावं म्हणून. मब्रूका आली. एका हातात पेटलेली मातीची शेगडी, दुसऱ्या हातात वेताची टोपली, वर लाल फडकं.

“मावशी, टोपलीत काय आहे?”

“तुझं औषध. तू डोळे मीट.”

“फडकं काढ.”

“डोळे मीट म्हणते ना, पोरी!”

दलेंदाने स्वतःच फडकं ओढलं. मोठ्या बाई काळ्याठिक्कर पडल्या होत्या. एक डोळा शेगडीकडे, एक माझ्याकडे.

“हिला जाळणार?”

“मग काय करू?” मब्रूकाचा आवाज फाटला. “नऊ दिवस मी इथे बसले. डॉक्टरांनी काय केलं? हात सुजवून परत पाठवली. तू फळ्यावर चंद्र लिहितेस, मासे लिहितेस, आणि दिवसेंदिवस अर्धी होत चाललीस. एक सरडा गेला तर जगाचं काय अडतं? तू गेलीस तर मी कुणाला जेवू घालू?”

दारात शेजारी जमले होते, खमीसही. खमीसने कानामागचा मोगरा काढून हातात धरला.

दलेंदाला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. धुराने मूत्रपिंड चालत नाही, असल्या गोष्टी तिने एकतीस वर्षांत हजार पोरांना समजावल्या असतील. पण ती एवढंच म्हणाली, “रुग्णालयात मला पिवळ्या ठिपक्यांचा अर्थ सापडला. पण मी नाही सांगत. तूच हात लावून सांग.”

“कुठे हात लावू?”

“पोटाला. तू आयुष्यभर लावलास तसा. तुझा हात मला खोटं सांगणार नाही.”

मब्रूकाने दोन बोटं टोपलीत घातली. चिडलेलीच होती. मग तिचा चेहरा बदलला. बोटं एका जागी थांबली, पुढे सरकली, पुन्हा थांबली. मला वाटतं ती मोजत होती.

“अगं बाई,” ती हळूच म्हणाली. “हिचे दिवस भरलेत.”

“मग टाकतेस निखाऱ्यात?”

“शेगडी उचल आधी!” मब्रूका खमीसवर खेकसली. “बघत काय उभा राहिलास? बाळंतिणीजवळ धूर करतात का? उलटा जन्मलास, उलटाच राहिलास!”

त्या निखाऱ्यांवर मग खमीसने तारली भाजली. सगळ्यांनी खाल्ली, दलेंदाने एक, मापून. मी शपथेवर सांगतो, त्या दिवशीची तारली खरोखरच त्या दिवशीची होती.

दुसऱ्या सकाळी माझ्यावर लिहिलं गेलं: ‘चूक दुरुस्ती. आम्ही मुक्कामाचा पत्ता छापला, ते चुकलं. यापुढे छापणार नाही.’ इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी चूक कबूल केली नव्हती. मला भलतंच हलकं वाटलं.

आठवड्याने मोठ्या बाई डाळिंबावरून उतरल्या, मब्रूकाच्या अंगणातल्या वाळूत दिवसभर खणत बसल्या, अंडी घातली, वरून माती लोटली आणि निघून गेल्या. मागे वळूनही बघितलं नाही. “निर्दयी!” मब्रूका म्हणाली, आणि मांजरांनी उकरू नये म्हणून कुसकुस वाफवायची आपली भोकाभोकांची चाळण त्या जागेवर उपडी घातली, वर दगड ठेवला.

“किती दिवस लागतील?” तिने विचारलं.

“दहा महिने. अकरासुद्धा.”

“माणसापेक्षा जास्त?” दाईला हे मानवेना. मग तिने चाळणीवरचा दगड उगाच पुन्हा नीट बसवला, कारण दहा महिने हा हिशेब दोघींच्याही डोक्यात दुसऱ्याच गोष्टीसाठी फिरला. दलेंदाने ते ओळखलं. “मी थांबते,” ती म्हणाली. “बातमी अर्धी सोडायची सवय नाही मला.”

आणि ती थांबली. दोनदा हाताची शीर पुन्हा बुजली, एकदा तिला न्यूमोनिया झाला, तरी थांबली. हिवाळ्यात तिने भूमिगत पाण्याबद्दल लिहिलं, वसंतात मधमाश्यांच्या नाचाबद्दल. महिन्यातून एकदा एक ओळ: ‘चाळणीखाली शांतता.’ मब्रूका वर्षभर शेजारणीच्या भांड्यात कुसकुस वाफवत राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिली, “बाळंतीण सरडी, आणि भांड्यावाचून मी!”

आज बुधवार. ऑगस्ट संपत आलाय. दलेंदा पहाटेच यंत्रावर गेली. ऊन चढलं तशी मब्रूका अंगणातून किंचाळली. मग ती धावत माझ्यासमोर आली, दलेंदाची खुर्ची ओढली, अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी त्यावर चढली आणि आयुष्यात पहिल्यांदा खडू हातात घेतला. खडू तिने सुरीसारखा धरला होता. एक उभी रेघ ओढली. उतरली, अंगणात जाऊन बघून आली, पुन्हा चढली, दुसरी रेघ. असं किती वेळ चाललं ते विचारू नका. शेवटी रेघांखाली तिने एक चित्र काढलं: गुंडाळलेली शेपटी आणि दोन गोल डोळे. ते उंदरासारखं दिसतंय, पण बातमी खरी आहे.

दुपारी दलेंदा गाडीतून उतरली. यंत्रावरून आल्यावर ती भिंतीला धरून चालते आणि सरळ अंथरुणावर जाते. आज माझ्यासमोर थांबली. तिने मोजलं, बोटाने, ओठ हलवत.

“सतरा?”

“सतरा,” मब्रूका म्हणाली. तिच्या कपाळाला खडू लागला होता. “मला अक्षर येत नाही, म्हणून रेघा ओढल्या. चुकलं असेल तर पूस आणि नीट लिही.”

दलेंदाने खडू घेतला. पुष्कळ वेळ हातात धरला. मग तो परत मब्रूकाच्या तळहातावर ठेवला आणि खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड करून बसली.

“नको,” ती म्हणाली. “आज मी वाचक. मला अजून एकदा वाचू दे.”

ती अजून बसलीय. मोजते, हसते, परत मोजते. तुम्ही आत्ता या गल्लीत येणार असाल तर एवढंच करा: खाली बघून चाला. सतरा जण आहेत, बोटाच्या पेराएवढे, आणि कुठे पाय पडतात याचा त्यांना अजून काहीच अंदाज नाही.