गिरजा आत्याचा पदर

करुणाचा पहिला सिनेमा लागला तेव्हा यमुनाबाई हळदीच्या अंगानं नागपूरला जाऊन तो पाहून आल्या होत्या. सौंसरच्या शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या, मग एवढा तरी हक्क नको का? करुणा त्यात नायकाची बहीण होती आणि मध्यंतराआधीच मरत होती. यमुनाबाई मात्र मध्यंतरानंतरही रडत होत्या. पुढे करुणा एकदोन सिनेमांत नायिका झाली, मग वहिनी, मग विधवा काकू. यमुनाबाईंनी तिचा एकही सिनेमा सोडला नाही.

पण करुणाचं खरं नाव झालं ते टीव्हीवरच्या गिरजा आत्यामुळे. ती भूमिका मिळाली तेव्हा करुणा पांढुर्ण्याला येऊन आठ दिवस यमुनाबाईंकडे राहिली, भाजीबाजारात त्यांच्या मागे मागे फिरली. पदर कमरेला खोचून, हनुवटीवर बोट ठेवून "आता का सांगू वो माय!" म्हणायची त्यांची तऱ्हा तिनं जशीच्या तशी उचलली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. यमुनाबाईंनी कधी काही मागितलं नाही. उलट दरवर्षी मोहगावच्या मळ्यातली पहिल्या तोडीची संत्री आधी देवापुढे आणि मग पेटी भरून करुणाला मुंबईला. गल्लीत मात्र त्या सांगत सुटायच्या, "गिरजा आत्या म्हंजे मीच आहो." बाया तोंडावर हो म्हणायच्या, पाठीमागे हसायच्या.

म्हणून करुणाच्या कारकिर्दीवर टीव्हीवर मुलाखत आहे असं कळल्याबरोबर त्यांनी सगळ्या बायांना घरी बोलावलं. चिवडा केला. सुनेला, हिमानीला, आवाज मोठा करायला लावला. आज करुणाच्या तोंडून नाव निघणार होतं.

मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलंच, "गिरजा आत्या तुम्हाला सापडली कुठे?"

करुणा गोड हसली. "अगं, लहानपणी आमच्याकडे एक भांडीवाली होती. बिचारी अडाणी. तिचीच नक्कल केली."

कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. हसल्या असत्या तर यमुनाबाईंना भांडता तरी आलं असतं.

हिमानी हळूच म्हणाली, "इसरल्या असतीन वो, आई."

"इसरली असती तं चूप बसली असती. हे तं तिनं रचून सांगतलं."

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं यमुनाबाईंनी पुष्कळ पाहिली होती, पण ही त्यांची करुणा होती. त्यांचा जीव विटला. देवाजवळ तिच्या नावाची पेटी भरून ठेवलेली होती. ती त्यांनी तिथंच फोडली आणि बायांच्या ओट्या संत्र्यांनी भरल्या.

पुढच्या आठवड्यात फोन आला. करुणाचा आवाज तसाच मधाळ. "यमे, यंदा संत्री नाही आली गं अजून?"

यमुनाबाईंनी पदर कमरेला खोचला. बोट आपसूक हनुवटीवर गेलं.

"आता का सांगू वो माय! मालकीन घरी नाही. मी भांडीवाली बोलून राहिली."