चढाच्या मध्यावरचा बाक

ज्या दिवशी वहिनी गेल्याचं कळलं, त्या दिवशी माझ्यावर कोणीच बसलं नाही. सुतार शेवटच्या बसमधून एकटाच उतरला. हातात वहिनींच्या चपला होत्या. तो चढून माझ्यापर्यंत आला आणि माझ्याकडे न बघता पुढे गेला. चढावर भेटलेल्यांनी चपला बघितल्या. कोणाला काही विचारावं लागलं नाही.

मित्रांनो, मला त्याच सुताराने घडवलं. त्याआधी मी शाळेचं दार होतो. शाळेला लोखंडी दार आलं आणि मी भिंतीला टेकून पडलो. सुताराने मला घरी आणलं, कापलं, रंधा मारला, चार पाय लावले आणि चढाच्या मध्यावर आणून रोवलं. आमची वस्ती डोंगरावर आहे. बस आणि दुकान खाली, घरं आणि लहानसा दवाखाना वर. सुताराच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींना, चढताना दम लागायचा. म्हणून मी.

"नुसतं बसायला केलंत," वहिनी पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "टेकायला काय, तुमचं डोकं?"

"पुढच्या आठवड्यात पाठीला फळी लावतो."

"तुमचा पुढचा आठवडा मला ठाऊक आहे. लग्नात कबूल केलेलं कपाट अजून यायचंय!"

हळूहळू सगळेच माझ्यावर बसू लागले. पण आमच्या लोकांची एक सवय आहे. दमलो असं कोणी म्हणत नाही. दूधवाल्या मावशी म्हणायच्या, "जरा गंमत बघतेय." पोस्टमनकाकाही तेच म्हणायचे. समोर बघायला होतं काय, तर बसथांब्याचं पत्र्याचं छप्पर! वहिनीही छातीवर हात ठेवून गंमतच बघायच्या. सुतार विश्वास ठेवायचा. हृदयाचा डॉक्टर एका दिवसाच्या प्रवासावर होता. एवढ्यातेवढ्यासाठी कोण जाणार? शेवटी नेलं, तेव्हा उशीर झाला होता.

त्यानंतर सुतार माझ्यावर बसला नाही. एकदा दवाखान्यातली नर्सताई बसली होती आणि तो उभा राहूनच तिच्याशी बोलत होता.

"ताई, मोठा डॉक्टर इथे का येत नाही?"

"यायला एक जण तयार आहेत, दादा. पण त्यांचा प्रवास, यंत्र, मोडलेला दिवस, हे सगळं कोणी भरून द्यायचं? शहरात एक निधी आहे. आडगावांना डॉक्टर पाठवायचा खर्च तो देतो. पण गरज दिसली पाहिजे. त्यांच्या बाई बघायला येतील."

"मग बोलवा. गरज आहेच."

निधीच्या बाई आल्या. त्या दिवशी वस्तीने काय करावं? पाहुणा येणार म्हणून सगळे अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून दवाखान्यात जमले. पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही, ही आमची रीत. बाई विचारतील त्याला एकच उत्तर: "आमचं छान चाललंय, ठणठणीत आहोत!" नर्सताई डोळे वटारून थकली. पोस्टमनकाकांनी तर दंड फुगवून दाखवला म्हणे.

मग रीतीप्रमाणे सगळी वरात बाईंना बसपर्यंत पोहोचवायला निघाली. माझ्यासमोरून जाताना बाई म्हणाल्या, "तुमची माणसं तर धडधाकट आहेत, नर्सताई. याहून आजारी गावं रांगेत उभी आहेत हो." नर्सताईने मान खाली घातली. सुतार सर्वांत मागे चालत होता.

उतरणं सोपं असतं. चढताना खरं कळतं. बाईंना खाली सोडून वरात परत फिरली आणि माझ्यापाशी येऊन कोसळली. मावशी बसल्या, काका बसले, ज्यांना जागा मिळाली नाही ते माझे पाय धरून जमिनीवर टेकले. कोणाचा हात छातीवर, कोणाचे ओठ निळसर. आणि तेवढ्यात बाई पुन्हा वर आल्या! त्यांचा चष्मा दवाखान्यात राहिला होता.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"गं... गंमत बघतोय," काकांना धड बोलताही येईना.

"कसली?"

मग सुतार पुढे झाला. "बाई, हा बाक मी बायकोसाठी केला. तीसुद्धा गंमतच बघायची. मी खरं मानलं."

एवढंच बोलला. मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बाई, मी मघाशी खोटं बोलले. मला चार पावलांवर धाप लागते. रात्री बसून झोपते मी." मग काका बोलले. मग सगळेच. बाई माझ्या टोकाला बसून ऐकत राहिल्या. दोनदा बसचा भोंगा वाजला. त्या हलल्या नाहीत. बस गेली.

मित्रांनो, निधी मिळाला!

डॉक्टर पहिल्यांदा आले, तेव्हा हृदय तपासायच्या यंत्राची पेटी सुताराने खांद्यावरून आणली. मध्यावर त्याने ती माझ्यावर टेकवली आणि शेजारी स्वतः बसला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच. मी शाळेचं दार असताना किती बक्षीस समारंभ पाहिले, पण माझा मान त्या दिवशी झाला.

आता डॉक्टर दर महिन्याला येतात. मावशींचं वेळेवर ऑपरेशन झालं. त्या कॅन घेऊन माझ्यासमोरून न थांबता जातात आणि वर मलाच टोमणा मारतात, "काय रे, माशा मारतोस?" काकाही गोळ्या घेऊन सरळ वर जातात. माझ्यावर धूळ बसते, पाखरं बसतात. इतर वस्तू दुर्लक्षाबद्दल रडतात. मी मात्र रिकामा आहे आणि ताठ मानेने उभा आहे. मी जितका रिकामा, तितकी वस्ती बरी!

मुलांनो, तुमच्या घरातलं कोणी चढावर थांबून गंमत बघत असेल, तर शेजारी बसा आणि खरं काय ते विचारा. आणि डॉक्टरांना पाहुण्याला सांगतात तसं 'छान चाललंय' सांगू नका.

डोळ्यांचा डॉक्टर अजून येत नाही. त्यासाठी नर्सताई आणि सुतार पुन्हा निधीकडे जाणार आहेत. आणि माझ्या पाठीची फळी रंधा मारून सुताराच्या दारामागे उभी आहे. ती अजून बसवायची राहिली आहे.