नळावरची ओळ

पाहुणा आला की नीलाला स्टुलावर उभं करायचं, हा मुलुंडच्या त्या चाळीतल्या सहा नंबरच्या खोलीचा नेम होता. चहा होईपर्यंत तिने एक ते शंभर अंक घडाघडा म्हणायचे. नीला जेमतेम साडेपाच वर्षांची, पण साठाच्या पुढे अशी काही सुटायची की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. पाहुणे “वा, हुशार आहे हो!” म्हणत आणि तिचे वडील, श्यामकांत परब, स्वतःच पहिले आल्यासारखे खूश होत. तुमच्या-आमच्या घरांतही असं एखादं स्टूल असतंच, तेव्हा त्यांना हसण्यात अर्थ नाही.

श्यामकांतचे वडील गिरणी कामगार. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि म्हातारा गावी जाऊन ओसरीवर बसून राहिला. श्यामकांत एका कंपनीत कारकून होता. आपल्या मुलीला चांगल्या शाळेत घालायचंच, एवढी एक गोष्ट त्याने मनात घट्ट धरली होती.

शाळेत मुलाखतीला गेल्यावर तिथल्या बाईंनी नीलाला अंक म्हणायला सांगितलेच नाहीत. त्यांनी टेबलावर अंकांची चार-पाच कार्डं टाकली आणि म्हणाल्या, “ही ओळीने लाव बघू.” नीलाने क्षणभर विचार केला. मग चौदा पहिला ठेवला, त्याच्यामागे तीन, मग नऊ, सात आणि शेवटी सहा.

“अहो, हिला शंभरपर्यंत पाठ आहे!” श्यामकांत खुर्चीतून अर्धवट उठला.

“पाठ असेल, पण समज नाही,” बाई म्हणाल्या. “मे महिन्यात एकदा परत आणा. तेव्हा जमलं तर बघू.”

त्याच संध्याकाळी घरात फूटपट्टी आली. श्यामकांतने जुन्या पुठ्ठ्याची कार्डं कापली, अंक काढले आणि ऑफिसातून आला की नीलाला समोर बसवू लागला. “लाव ओळीने.” ती लावायची. चुकायची. हातावर पट्टी बसायची. गंमत म्हणजे तिची ओळ रोज वेगळीच असायची, आणि त्यामुळे त्याचा पारा आणखी चढायचा. “काल चौदा पहिला होता, आज सात? डोकं आहे की खोकं?”

“अहो, पुरे ना,” नीलाची आई सुलक्षणा पहिल्या दिवशी म्हणाली.

“तू मध्ये पडू नकोस. हिची वाट लागली तर तू भरून देणारेस?”

त्यानंतर ती बोलली नाही. पट्टीचा आवाज आला की पोळपाटावरचं लाटणं जरा थांबायचं, पुन्हा चालू व्हायचं. नीलाही सुरुवातीला रडली, नंतर रडेनाशी झाली. मग एके दिवशी कार्डं लावून झाल्यावर तिने आपणहूनच तळहात पुढे केला. चेहऱ्यावर काही नव्हतं, भीतीसुद्धा नाही. श्यामकांतनेही फार रागाने मारलं असं नाही. भाजी चिरावी, दिवे लावावेत, तसंच हेही रोज होऊ लागलं, आणि घरातल्या तिघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं. या कथेतली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे.

चाळीच्या टोकाला उत्तराबाई बालवाडी चालवत. एकदा त्या नीलाची पाटी बघायला वाकल्या, तर पोरीने पाटी द्यायच्या आधी हात पुढे केला. संध्याकाळी त्या सरळ परबांच्या खोलीत आल्या, तेव्हा जमिनीवर कार्डं मांडलेली होती आणि श्यामकांतच्या हातात पट्टी होती.

“बघा ना बाई, पुन्हा सात पहिला!” तो म्हणाला.

उत्तराबाई खाली बसल्या. “का गं बाळ, सात पहिला का ठेवलास?”

नीलाने वडिलांकडे पाहिलं. “आज सात नंबरवाल्या पहिल्या होत्या.”

“कुठे?”

“नळावर.”

चाळीला अंगणात एकच नळ. भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपल्या हंड्यावर खोलीचा नंबर ऑइलपेंटने काढलेला, आणि जो पहाटे आधी उठेल त्याचा हंडा पुढे. नीला रोज आईबरोबर त्या रांगेत उभी असायची.

“आणि सहा नंबर सगळ्यांत मागे का गं?” बाईंनी विचारलं.

“सहा म्हणजे आम्ही. आईला डबा करायचा असतो ना, म्हणून आमचा हंडा शेवटी. परवा कुंदामावशी पहिल्या होत्या, चौदा नंबरच्या.”

श्यामकांतच्या हातातली पट्टी खाली आली. म्हणजे पोर रोज बरोबर ओळ लावत होती! तिने पाहिलेली, तिला ठाऊक असलेली एकुलती एक ओळ! “मग मला का नाही सांगितलंस?” तो कसाबसा म्हणाला.

“तुम्ही विचारलं नाही.”

लाटणं थांबलं होतं, ते पुन्हा चालू झालं नाही.

“परब,” उत्तराबाई शांतपणे म्हणाल्या, “शंभर अंक तिच्या तोंडात आहेत, पण ते एकमेकांपेक्षा लहान-मोठे असतात हे तिला कुणी दाखवलंच नाही. ते हाताने मांडून, डोळ्यांनी बघून कळतं. पट्टीने तिला एकच गोष्ट कळली, हात कधी पुढे करायचा ते.”

रविवारी नळ गेल्यावर बाईंनी चाळीतले रिकामे हंडे अंगणात मागवले. “नीला, ही नळाची ओळ नाही हं. ही खोल्यांची ओळ. पहिल्या खोलीपासून चालत निघालो तर कोण कोण भेटेल?” श्यामकांतही बाह्या सरसावून हंडे उचलू लागला. नीला खोल्यांच्या दारांकडे बघत एकेक हंडा दाखवत होती. सात, आठ, नऊ झाले. मग तिने हंडाभर जागा मोकळी सोडली आणि अकरा ठेवायला लावला.

“मध्ये जागा का गं?” या वेळी विचारलं ते श्यामकांतने.

“दहा नंबरचे काशीरामकाका गावाला गेलेत. त्यांची जागा आहे ती.”

“शाब्बास!” उत्तराबाईंनी टाळी वाजवली. सुलक्षणाने पदर डोळ्यांना लावला. आणि नीलाने, सगळं बरोबर लावून झाल्यावर, सवयीने तळहात पुढे केला.

श्यामकांत तिथेच ओल्या फरशीवर बसला. त्याने तो हात दोन्ही हातांत घेतला. “नाही गं बाळा. आता कधीच नाही.” नीलाने मान हलवली, पण बोटं काही मिटली नाहीत.

मेमध्ये तिने कार्डं अचूक लावली आणि शाळेत प्रवेश मिळाला. जूनमध्ये पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात नव्या बाईंनी तिला नाव विचारलं. नीलाने आधी हात पुढे केला आणि मग नाव सांगितलं. मागे उभ्या असलेल्या श्यामकांतने ते पाहिलं.

म्हणून सांगतो, मंडळी, मूल चुकलं तर हात उचलण्याआधी त्याला ‘का?’ एवढं विचारा. अंकांची ओळ एका रविवारी शिकवता येते. पुढे आलेला तो हात मागे घ्यायला शिकवणं श्यामकांतला अजून जमलेलं नाही.