खंडेनवमीला फिरवलेली चावी

मित्रांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. तुमची उंची बोटभर झाली आहे असे समजा. समोर दोन लोखंडी रूळ लांबवर गेले आहेत. वाळूचा एकेक कण तुम्हाला खडीएवढा दिसतो. एका बाजूला काड्यापेट्यांचे स्टेशन आहे, पलीकडे बाभळीच्या डहाळ्यांचे रान आहे. आता पायाखालची फळी थरथरू लागली. बाजूला सरका, कारण येते आहे ती मी आहे.

मी एक जुनी, चावीवर चालणारी छोटी आगगाडी आहे. एक इंजिन आणि मागे दोन डबे, एवढाच माझा पसारा. आज मी एका शाळेच्या कपाटात असते आणि माझ्या पोटातली कमान दुसरी आहे. घड्याळाला चावी दिली की आत गुंडाळली जाणारी आणि हळूहळू उलगडत चाके फिरवणारी पोलादाची पट्टी असते ना, तिला कमान म्हणतात. माझी पहिली कमान कशी तुटली ते सांगताना मला अजून जड जाते. पण ती तुमच्याच वयाच्या एका मुलीची गोष्ट आहे, म्हणून सांगते.

तेव्हा निजामाचे राज्य होते. माझा जन्म सेलूच्या बाजारात झाला. सटवाजी तात्या हे घड्याळे, कंदील आणि शिवणयंत्रे दुरुस्त करणारे म्हातारे कारागीर. त्यांची टपरी शिवाप्पा कापडवाल्यांच्या दुकानाला लागून होती. शिवाप्पांची मुलगी महानंदा शाळा सुटली की घरी न जाता तात्यांच्या टपरीत जाऊन बसे. तात्यांना बोलायला कोणी नव्हते आणि तिला प्रश्न फार पडत. दोघांचे छान जमले.

रुळावरून एवढी मोठी गाडी घसरत का नाही, असे तिने एकदा विचारले. तात्या म्हणाले, सांगून कळायचे नाही, करून बघू.

त्यातून मी झाले. तात्यांनी एका मोडक्या गजराच्या घड्याळाची कमान काढली. तिचे टोक तापवून नरम केले, त्याला बारीक भोक पाडले आणि ती माझ्या पोटात बसवली. रंगाच्या रिकाम्या डब्याचे माझे अंग झाले. भिंतीवरच्या जुन्या घड्याळांतली पितळी चाके कानशीने घासून गुळगुळीत केली आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूला थोडी मोठी चकती कथिलाने झाळून लावली. ही जी आतली कड आहे ना मित्रांनो, तीच गाडीला रुळावर धरून ठेवते. महानंदाला तिचे उत्तर असे बोटांनी चाचपता आले.

रूळ कशाचे होते म्हणाल, तर कापसाच्या गाठींना आवळलेल्या लोखंडी पट्ट्यांचे. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याचे मालक आबासाहेब यांच्या आवारात अशा पट्ट्यांचे ढीग पडलेले असत. बाभळीच्या तुकड्यांना करवतीने खाचा पाडून त्यांत त्या उभ्या ठोकल्या. शिवाप्पांनी दुकानामागची खोली दिली. तिथे विटांवर फळ्या मांडून माझा गोल रस्ता तयार झाला. महानंदाने आधी रुळांखाली शेतातली काळी माती अंथरली होती. ती वाळली, तिला भेगा पडल्या आणि रूळ वाकडे झाले. तात्या रागावले नाहीत. सगळे उखडून त्यांनी तिला खाली मुरूम आणि वर दुधना नदीची वाळू टाकायला लावली. वळणावर मी बाहेरच्या बाजूला उलटत असे, तेव्हा तात्यांनी बाहेरच्या रुळाखाली पत्त्यांचे तुकडे सरकवले. तो रूळ केसभर उंच झाला आणि मी वळणावर आत कलून डौलात जाऊ लागले. खऱ्या रेल्वेतही असेच करतात. पुढच्या वेळी स्टेशनाजवळ वळण दिसले तर बघा.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. महानंदा स्टेशनमास्तर होई, तात्या गार्ड होत. बाजारातली माणसे खोलीत डोकावून जात. तंबाखूचे दुकान चालवणारे किशनराव मला बघून म्हणाले, "सटवाजी, एक तिकीट परभणीचं द्या की. बायकोला सांगू नका फक्त."

पण तात्यांच्या मनाला एक घोर लागला होता. जिनिंगच्या मोठ्या घड्याळाची देखभाल कितीतरी वर्षे तेच करत. त्या घड्याळावर जिनिंगची घंटा वाजे आणि घंटेवर सगळे गाव चाले. आता आबासाहेबांना वाटू लागले होते की म्हाताऱ्याची नजर गेली असेल, परभणीहून दुसरा कारागीर आणावा. ते काम गेले असते तर तात्यांच्या हातावर कोणाचाच भरवसा राहिला नसता. आबासाहेबांच्या कानावर माझी कीर्ती गेली तेव्हा त्यांनी निरोप धाडला, की दसऱ्याला सोने द्यायला येऊ तेव्हा तुमच्या हातची गाडी बघू, मग घड्याळाचे ठरवू.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी आपल्याकडे अवजारे पुजतात. शिवाप्पांनी गज आणि कात्री धुऊन मांडली होती. तात्यांनी दुकानामागच्या खोलीत पाटावर पकड, कानस, पेचकस आणि हातोडी ओळीने ठेवली, हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले घातली. शेवटी मला उचलून त्याच पाटावर ठेवले.

"आज कुणी बी हात लावायचा न्हाई," ते महानंदाला म्हणाले. "सालभर राबतेत हे. आजचा दिस त्यांचा."

महानंदाने मान हलवली. पण तिच्या मनात कालची गोष्ट सलत होती. आदल्या दिवशीच्या फेरीत मी स्टेशनाच्या वीतभर अलीकडे थांबले होते. तात्या म्हणाले होते, चाकांच्या कण्यात धूळ गेली असेल, दसऱ्याला सकाळी तेल घालू. तिचे समाधान झाले नव्हते. उद्या आबासाहेबांसमोर मी अशीच थांबले तर? चावी आणखी थोडी फिरवली तर गाडी पोचते का, एवढेच तिला बघायचे होते.

दुपारी तात्या जेवायला गेले आणि शिवाप्पा घरात होते, तेव्हा ती आली. तिने फुले बाजूला केली आणि चावी फिरवू लागली. माझी कमान आवळत गेली. हाताला घट्ट लागेपर्यंत तिने चावी फिरवली. तिथे थांबायचे असते. ती थांबली, दोन्ही हातांनी चावी धरली आणि आणखी एकदा पिळली.

माझ्या पोटात काहीतरी तडकले. चावीने तिच्या अंगठ्याला झटका दिला.

मित्रांनो, ती वाईट मुलगी नव्हती. ती माझ्याच काळजीने आली होती. पण भीती वाटली की माणसाचे हात फार चपळ होतात. तिने मला होते तसेच ठेवले, फुले होती तशीच घातली, सांडलेले कुंकू पदराने टिपावे तसे परकराच्या टोकाने टिपले आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीमोल्लंघन करून, आपट्याची पाने वाटत माणसे शिवाप्पांच्या दुकानामागच्या खोलीत जमली. मला पाटावरून उचलून रुळावर ठेवले. आबासाहेब खुर्चीवर बसले. सकाळीच तात्यांनी माझ्या कण्यात तेल घातले होते, चावी मात्र पाहुण्यांसमोर द्यायची म्हणून ठेवली होती. ते वाकले आणि चावी फिरवू लागले. ती नुसतीच फिरत राहिली. आत काही आवळेना. तात्या फिरवत राहिले, कपाळावर घाम आला तरी फिरवत राहिले.

"सटवाजी, बैल जुपू का गाडीला?" किशनराव म्हणाले, आणि सगळे हसले.

आबासाहेब हसले नाहीत. ते उठताना म्हणाले, "असू द्या. वयाचा दोष आहे, तुमचा नाही." तात्यांना ते हसण्यापेक्षा जास्त लागले.

महानंदा कोपऱ्यात उभी होती. मी तिच्याकडे बघत होते. तिने तोंड उघडले नाही.

रात्री तात्यांनी माझे पोट उघडले. कमान तुटली होती आणि नेमकी त्यांनी पाडलेल्या भोकापाशी तुटली होती. कोणी चावी पिळली असेल, हा विचार त्यांच्या मनात येणे शक्यच नव्हते. खंडेनवमीला पुजलेल्या वस्तूला गावात कोणी हात लावत नाही. म्हणून त्यांनी एकच अर्थ काढला. भोक पाडताना आपल्या हाताला अंदाज राहिला नाही, आपण पोलाद फार तापवून जाळले.

त्यानंतर तात्यांनी दुरुस्तीला आलेली घड्याळे लोकांना परत करायला सुरुवात केली. हाताला भरवसा राहिला न्हाई, असे ते सांगत. परभणीच्या कारागिराला निरोप गेल्याचे बाजारात कळले. तात्यांनी ठरवले की टपरी बंद करून चारठाण्याला लेकीकडे जाऊन राहावे.

महानंदा रोज त्यांच्याकडे काहीतरी घेऊन जाई. कधी गूळशेंगा, कधी आईने केलेल्या करंज्या. तात्या म्हणत, "गुणाची माय हायस तू," आणि ती मान खाली घालून पळत सुटे. जेवताना तिचा घास हातात राही. आई विचारी, पोट दुखतंय का? ती हो म्हणे आणि तेही खोटेच असे. मला तर तिने कापडाच्या गाठींमागे ढकलून दिले. मी दिसले की तिला सगळे आठवत असणार. माझ्या धुराड्यात कोळ्याने जाळे केले. मला अंधाराचे वाईट वाटले नाही. माझ्यामुळे एका भल्या माणसाने हातातली कानस खाली ठेवली, याचे वाटले. खरे काय ते मला ठाऊक होते आणि मला बोलता येत नव्हते. तिला येत होते.

मग तो सकाळचा प्रहर आला. तात्यांना चारठाण्याकडे नेणारी जिंतूरची मोटार देवगाव फाट्यावर मिळायची होती. तात्यांची पेटी भुजंग नावाच्या हमालाने बैलगाडीत चढवली. निघण्याआधी तात्या दुकानामागच्या खोलीत आले. त्यांनी गाठींमागून मला शोधून काढले, बाहीने पुसले आणि महानंदाच्या हातात दिले.

"तुला बी म्या चुकीचंच शिकवलं असंल, माय," ते म्हणाले. "माझ्याच हाताला येत न्हवतं. मनात ठेवू नको."

म्हातारा माणूस तिची क्षमा मागत होता. 

"तात्या, चावी मी फिरवली," ती म्हणाली.

"कवा?"

"खंडेनवमीला. तुमी जेवायला गेलते तवा. घट्ट लागली, तरी मी अजून एकदा पिळली."

तात्या विटांवरच्या फळीवर बसले. वाळूवर हात टेकला गेला, त्यांना कळले नाही.  मग त्यांनी विचारले, "तुटली तवा चावी ढिली पडली, का झटका बसला?"

"झटका बसला. लय जोरात."

"अंगठ्याला?"

तिने अंगठा दाखवला. नखाखाली अजून काळे होते. तात्यांनी तो उजेडाकडे वळवून घड्याळातले चाक बघावे तसा बघितला.

"मंग कमान चांगली होती," ते हळूच म्हणाले. "जळालेलं पोलाद ताण धरत न्हाई, झटका देत न्हाई. नुसतं निसटतं."

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मला वाटले आता ते हसतील. पण त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांत राग होता.

"आन तू गप बसलीस. लोक हसले तवा गप. मी घड्याळं परत केली तवा गप."

"हौ."

"करंज्या आणत होतीस."

 ती रडू लागली. तात्यांनी तिला जवळ घेतले नाही आणि रागावून घालवलेही नाही. बाहेरून भुजंगने हाक दिली, "तात्या, मोटार जाईल की, निघायचं का?"

"थांब जरा," तात्या म्हणाले.

मित्रांनो, वस्तू हातून मोडते. घाई झाली की मोडते, प्रेमाने हाताळतानाही मोडते. माझ्यासारख्या वस्तूला नवी कमान बसवता येते. पण ती मोडल्याचे आपण लपवले की तिचा भार दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जातो, आणि तो माणूस आपली चूक शोधत बसतो. म्हणून मोडले तर त्याच दिवशी सांगा. उशीर झाला असेल तर आज सांगा.

महानंदाने परकराने डोळे पुसले. तात्यांना सांगून झाले होते, पण हसले होते ते सगळे गाव होते. आता गावालाही सांगायला हवे, हे तिला कोणी समजावून द्यावे लागले नाही. तिने मला छातीशी धरले आणि ती बाहेर पडली. शिवाप्पांनी गल्ल्यावरून विचारले, कुठे निघालीस? ती थांबली नाही. किशनरावांच्या दुकानापुढे ती थांबली आणि म्हणाली, "काका, चला माझ्यासंग. तुमाला बी ऐकायचंय." तिचा चेहरा बघून किशनरावांना विनोद सुचला नाही. तंबाखूची पुडी तशीच टाकून ते मागे आले.

जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत ती कचेरीच्या पायऱ्या चढली. आबासाहेब बाहेरच्या बाकावर चारचौघांत बसले होते. तिने मला त्यांच्यासमोर ठेवले, गाडीवानांनाही ऐकू जाईल एवढा आवाज चढवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.