माझ्या डोळ्यात गेलेलं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सुलेखाने माझ्या डोळ्यात कुंकू घातलं.

मी सिंगापुरातल्या बुकित पंजांग वस्तीतल्या एका ब्लॉकचा, म्हणजे इमारतीचा, कॅमेरा बोलतोय. इथले रहिवासी स्वतःचं चॅनल चालवतात. कार्यक्रम त्यांचेच, मला धरणारे हातही त्यांचेच. तळमजल्याच्या टीव्हीवर आणि घरोघरच्या फोनवर ते तेव्हाच्या तेव्हा दिसतात. एखाद्या भाषेतला पहिला कार्यक्रम लोकांनी शेवटपर्यंत पाहिला, तरच त्या भाषेला दर महिन्याला वेळ मिळतो. त्या दिवशी मराठीची परीक्षा होती.

कार्यक्रमात बोलणार होत्या ब्लॉकमधल्याच शैलावहिनी. सुलेखा फक्त मला सांभाळणार होती. तरी आठवडाभर तिला भीती वाटत होती. त्यात तिची नऊ वर्षांची मुलगी अवनी इथल्या मुलांसारखं 'लाह' लावत म्हणाली, "आई, तू बोलू नको लाह. सगळे हसतील."

दसरा म्हणून सुलेखाने माझी पूजा केली. फूल वाहिलं, अन् ओल्या कुंकवाचं बोट नेमकं माझ्या काचेवर टेकवलं. घाईत पदराने पुसलं, ते आणखीच पसरलं.

साडेदहाला कार्यक्रम सुरू झाला. टीव्हीवर शैलावहिनी लालभडक.

मला चालवायला सुलेखाला शिकवलं ते शेजारच्या टॅनअंकलनी. जन्मभर टॅक्सी चालवलेला माणूस. ते उठून आले. "हे लाल काय?"

"पूजा केली अंकल, कॅमेऱ्याची." तिचे डोळे भरले होते.

अंकलनी मऊ फडक्याने माझी काच पुसली आणि मला तिच्याकडेच वळवलं. "आता हे सगळ्यांना सांग." शैलावहिनींनीही बाजूला होऊन तिला जागा दिली.

"मला चारचौघांत बोलण्याइतकं इंग्लिश नाही येत."

अवनी गर्दीतून पुढे आली. आईला खेटून उभी राहिली. "तू मराठीत बोल. मी सांगते त्यांना."

सुलेखा बोलली. "माझे वडील सुतार. दसऱ्याला करवतीची पूजा करायचे. ज्याच्यावर आपलं पोट, त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. त्या दिवशी त्याला आराम."

"मग आज याला कामाला का लावलंस?" अंकलनी विचारलं.

"सणाला पाहुणे आले की घरच्यांनाच जास्त काम पडतं, अंकल."

अवनीने सांगितलं आणि सगळा तळमजला हसला. अगदी मनापासून.

मग अंकलनी खिशातून जुनी टॅक्सीची किल्ली काढून पुढे धरली. झाडणाऱ्या काकू झाडू घेऊन आल्या. नूडलवाला झारा घेऊन आला. सुलेखा एकेका वस्तूला कुंकू लावत होती. अर्ध्या तासाचा कार्यक्रम पन्नास मिनिटं चालला. एकही माणूस मधूनच निघून गेला नाही.

मराठीला दर महिन्याचा दुसरा शनिवार कायमचा मिळाला. फलकावर नाव लिहिलंय, 'सुलेखा आणि अवनी'.

बाकीचे काही शनिवार अजून रिकामे आहेत. मी तळमजल्याच्या कपाटात असतो, कपाटाची किल्ली टॅनअंकलकडे. बोलायला भीती वाटते असं म्हणणारी एखादी ओळखीची असेल, तर तिला एवढं नक्की कळवा.