पास्कोचे मोकळे हात

ओरडून सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी थेम्स नदीत पडो, आणि तिथले मासे ती लावून मलाच हसोत. आता यापुढे मला मध्येच कोणी टोकायचं नाही.

तर दुपारी पावणेदोनला लंडनच्या एका बड्या हॉटेलच्या दारात ब्रुन्नर साहेबांनी आपली छत्री रॉलंड पास्कोच्या पुढ्यात धरली, आणि पास्कोने ती घेतली नाही.

"धरा ना जरा," साहेब म्हणाले.

"माफ करा साहेब. मला नाही धरता येणार."

"का? हात दुखतो?"

"नाही साहेब. हात मोकळे लागतात."

साहेबांनी त्या हातांकडे बघितलं. फावड्यासारखे दोन रुंद हात, पोटाच्या जरा वर, एकावर एक अलगद ठेवलेले. त्यात काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं काही नव्हतं. लंडनमध्ये येणाऱ्या बड्या बड्या पाहुण्यांच्या जिवाला जपायचं हे पास्कोचं काम, आणि या कामाचा पहिला नियमच असा, की हातात काही धरायचं नाही. बॅग नाही, छत्री नाही, कॉफीचा कप तर नाहीच. कोणी अंगावर धावून आलं तर कप खाली ठेवायला वेळ कुठला? दुसरा नियम असा, की ज्याला जपायचं त्याच्याकडे बघायचं नाही. तो जवळ असतोच. आपण बघायचं बाकीच्या सगळ्या जगाकडे.

कानातल्या यंत्रात टुंडे खिदळला. टुंडे म्हणजे गाडीवाला. कोपऱ्यावर गाडी लावून बसला होता.

"बॉस, छत्री मी धरतो म्हणावं. गाडी तुम्ही चालवा."

"गप बस. गाडी आण."

पण गाडी लागलीच नाही. साहेबांनी हट्ट धरला, आपण पार्कातून चालत जायचं.

"साहेब, ठरलंय तसं गाडीने गेलेलं बरं. ते पत्र आलंय तुम्हाला."

पत्र खरंच आलं होतं. साहेबांचा स्वित्झर्लंडला लिफ्ट बनवायचा कारखाना. तो त्यांनी बंद केला, चारशे माणसं घरी बसली, त्यातल्या कोणीतरी लिहिलं होतं, 'लंडनला भेटू.' बास, एवढंच.

"पत्र लिहिणारा माणूस पार्कात कशाला येईल?" साहेब म्हणाले. "पन्नास वर्षांपूर्वी माझ्या मार्गारेटाबरोबर आलो होतो. तळ्यात मोठाल्या चोचींचे पक्षी होते, पेलिकन. आहेत अजून?"

"आहेत साहेब."

"मग झालं. मार्गारेटा नाही राहिली. पक्षी तरी बघू."

पास्कोने घड्याळ बघितलं. एरवी तो घड्याळ बघत नाही, म्हणजे बघतो, पण बघितलेलं कोणाला कळत नाही. आज साहेबांनासुद्धा कळलं.

त्याचं असं होतं. तीन वाजता सरकारी कचेरीच्या दारात त्याची पाळी संपायची, तिथे त्याच्याच कामातली एक बाई येऊन साहेबांना ताब्यात घेणार. आणि चार वाजता, नदीपलीकडच्या हॉस्पिटलात, त्याच्या बायकोच्या हाताचं प्लास्टर कापायचं होतं.

आता ते प्लास्टर कशाने लागलं ते ऐका.

सहा आठवड्यांपूर्वी पास्को आणि त्याची बायको ग्लेनिस बाजारात गेली होती. ती पुढे, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. तो अर्धं पाऊल मागे, हात मोकळे. आमच्या गल्लीतल्या बायका अठ्ठावीस वर्षं हे बघताहेत. सगळ्या म्हणायच्या, काय मेला आळशी नवरा आहे! ग्लेनिस आपली पिशव्या सावरत पुढे चालायची. फरशीचा एक दगड वर आला होता, त्याला तिचा पाय अडखळला आणि ती धाडकन पडली. बटाटे रस्ताभर. आणि पास्कोने काय केलं? अठ्ठावीस वर्षं अंगात मुरलेलं तेच केलं. तिच्याकडे पाठ केली, दोन्ही हात पसरले आणि समोरच्या खिडक्या बघायला लागला. कोणी मारलं, कुठून मारलं! चांगले चार सेकंद. तेवढ्यात मासेवाल्याने दुकानातून उडी मारून तिला उचललं.

तीन दिवस ग्लेनिस बोलली नाही. चौथ्या दिवशी डाव्या हाताने चहा ढवळत म्हणाली, "रॉली, मी पडले तेव्हा मला काय दिसलं सांगू? तुझा कोट. मागून."

"अगं, मी तुलाच जपत होतो."

"कोणापासून? बटाट्यांपासून?"

ग्लेनिसने चमचा बशीत ठेवला.

"प्लास्टर निघालं की मी ऐरलिसकडे जाणार आहे. स्वान्सीला. त्याच दिवशीच्या सहाच्या गाडीचं तिकीट काढलंय."

ऐरलिस म्हणजे तिची बहीण.

"येशील कधी?"

"जायचंच काढलंय, रॉली."

मग कप विसळता विसळता म्हणाली, "चारला कापणार आहेत. यायचं तर ये. नाही आलास तर मी समजून घेईन. तीस वर्षं तेच करतेय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. अंगावर येणाऱ्या माणसाचं काय करायचं ते पास्कोला चांगलं ठाऊक होतं.

असो. पार्कात साहेब निघाले ते गोगलगायीच्या चालीने. प्रत्येक बाकाशी थांबायचे. "इथे बसलो होतो बहुतेक. नाही, तो पुढचा." पास्को अर्धं पाऊल मागे. डोळे एका जागी ठरत नव्हते. झाडामागे कोण? ती बाई बाबागाडी ढकलतेय, पण आत बाळ आहे का? आहे. रडलं. छान. आणि तो राखाडी टोपीवाला? पेपर वाचतोय, पण पान कधीचं उलटलं नाही. सव्वादोन. अडीच. पास्कोच्या पायाच्या बोटांना बुटात मुंग्या यायला लागल्या.

"साहेब, जरा पाय उचलू या का?"

"तुम्हाला घाई आहे का हो?"

"मला नाही साहेब. मीटिंगला उशीर होईल."

"तिथे सगळे माझीच वाट बघणार. करू देत."

पावणेतीनला तळं आलं. साहेब बाकावर टेकले, आणि बघतात तर काय, पाण्यातून एक पेलिकन फतक फतक करत वर आला आणि बाकावर साहेबांच्या शेजारी बसला! ठरवून भेटायला आल्यासारखा. साहेबांचा चेहरा असा खुलला म्हणता! "मार्गारेटाच्या बाजूलाही असाच बसला होता," म्हणाले, आणि कौतुकाने खाली वाकले. पेलिकनने चोच उघडली आणि साहेबांच्या डोक्यावरचे केस उचलले.

सगळेच्या सगळे. केसांचा टोप होता तो.

पक्षी टोप घेऊन पाण्यात. मागे गोरे, काळे, चिनी, जपानी सगळे प्रवासी हसून हसून लोळायचे बाकी. एकजात सगळे पक्ष्याकडे बघत होते. फक्त एक माणूस उलट दिशेला बघत होता. पास्को. कारण धंद्यातली शिकवण अशी, की आधी गंमत होते आणि घाव मागून येतो. त्याने साहेबांकडे पाठ केली, हात पसरले. राखाडी टोपीवाला उठला होता. इकडेच येत होता. त्याचा हात कोटाच्या आत गेला.  हात बाहेर आला. हातात फोन होता. त्याला पेलिकनचा फोटो काढायचा होता.

"पास्को," मागून आवाज आला. बारीकसा.

पास्को वळला नाही. अजून बाबागाडीवाली बघायची होती, पुलावरचे दोघे बघायचे होते.

"पास्को, तिकडे काय बघताय? मी इथे आहे."

तेव्हा तो वळला. ज्याला जपायचं त्या माणसाकडे त्याने अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. बाकावर एक टकला म्हातारा बसला होता. डोक्यावर तपकिरी डाग, ओठ थरथरताहेत, एक हात डोकं झाकायला वर आणि दुसरा पुढे केलेला. चारशे माणसं घरी बसवणारा हा माणूस जत्रेत हरवल्यासारखा दिसत होता. त्याने पास्कोचा उजवा हात घट्ट पकडला.

पास्कोने हात सोडवायला हवा होता. नियम होता. त्याने नाही सोडवला.

तो साहेबांच्या आणि फोनवाल्यांच्या मधे उभा राहिला, म्हणाला, "उठा साहेब. हळू. माझ्याकडे बघा फक्त." आणि दोघं निघाले, हातात हात धरून. तो टोप तळ्याच्या मधोमध तरंगत राहिला. माझं मत विचाराल, तर अजून एखाद्या बदकिणीची पिल्लं त्यात गाढ झोपत असतील.

कानात टुंडे आला. रस्त्याच्या कडेला गाडी लावून तो पार्कातच बघत होता.

"बॉस, माझे डोळे गेले का? तुम्ही साहेबांचा हात धरलाय?"

"हो."

"उजवा?"

"उजवा."

"आई शप्पथ. येत्या रविवारी चर्चला जातो."

गाडीपर्यंत तीनशे पावलं होती ती. पहिल्या शंभरात पास्कोला सारखं वाटत होतं, आता होतंय काहीतरी. दुसऱ्या शंभरात त्याला कळलं, की हा हात थंडगार आहे. शेवटच्या शंभरात त्याला आठवायला लागलं, ग्लेनिसचा हात रस्त्यात आपण शेवटचा कधी धरला. खूप मागे गेला तो. आठवलं नाही.

साहेब इतके हळू चालत होते, आणि गाडी वाहतुकीत अशी अडकली, की कचेरीच्या दारात पोचायला पावणेचार झाले. पाळी बदलायला आलेली बाई दारात पाय आपटत उभी. टुंडेने आपली लोकरीची टोपी साहेबांना घातली, हिरवी, वर गोंडा. साहेबांनी ती नीट कानावर ओढली, पण हात काही सोडला नाही.

"तुम्ही सकाळपासून घड्याळ बघताय," साहेब म्हणाले. "कुठे जायचंय?"

पास्को कधी कोणत्या पाहुण्याला घरचं सांगत नाही. त्याला बायको आहे हे निम्म्या जगाला माहीत नाही.

"बायकोचं प्लास्टर काढायचंय साहेब. चार वाजता. नाही पोचलो तर ती जाईल."

"कुठे?"

"बहिणीकडे. कायमची."

"अहो, मग माझा हात धरून काय उभे राहिलात?" साहेब खेकसले, आणि त्यांनी हात सोडला.

पास्कोला पळायची सवय नाही. पळणाऱ्या माणसाकडे सगळे बघतात, म्हणून या धंद्यात पळत नाहीत. त्या दिवशी सत्तावन्न वर्षांचा पास्को कोटाची बटणं उघडी टाकून पुलावरून असा पळाला, की बसच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुलावर ही गर्दी! कोण फोटो काढतंय, कोण आइस्क्रीम खातंय. त्याने कोणाचेही हात बघितले नाहीत, कोणाचेही खिसे बघितले नाहीत. फक्त वाट काढली.

पोचला तेव्हा सव्वाचार झाले होते. ग्लेनिस बाहेरच्या बाकावर बसली होती, पायाशी बॅग. प्लास्टर निघालं होतं. मांडीवर तिचा उजवा हात पडला होता, काडीसारखा, पांढराफटक, कातडीचे पापुद्रे निघालेले. जणू तो हात तिचा नव्हता, कोणीतरी सांभाळायला दिला होता.

"आलास?"

"आलो."

"घामाघूम झालायस. कोण लागलं होतं मागे?"

"कोणी नाही. ग्लेनिस, उशीर झाला, कारण एका पक्ष्याने साहेबांचे केस पळवले."

तिने त्याच्याकडे बघितलं.

"रॉली, तीस वर्षांत तू कधी सबब सांगितली नाहीस. आज सांगतोयस, ती तरी बरी सांग."

"अगं, देवाशप्पथ! पेलिकन होता. मग साहेब घाबरले आणि मी..." तो थांबला. "मी त्यांचा हात धरला."

 आतून नर्सबाई आली, म्हणाली, "दोन आठवडे जड काही उचलायचं नाही हं, बाई." आणि गेली.

पास्को वाकला. त्याने डाव्या हाताने बॅग उचलली. मग उजवा हात पुढे केला.

ग्लेनिसने आधी बॅगेकडे बघितलं, मग त्या हाताकडे. "दोन्ही भरतील," ती म्हणाली.

"भरू देत."

तिने तो काडीसारखा हात अलगद त्याच्या हातात ठेवला. "दाबू नकोस. दुखतो अजून."

बाहेर बसच्या थांब्यावर दोघं उभी राहिली. स्टेशनकडे जाणारी बस आली. ग्लेनिसने हात दाखवला नाही. बस गेली. दुसरी आली, तीही गेली.  पास्को आपला तिच्या हाताकडे बघत राहिला, एकदासुद्धा इकडेतिकडे न बघता. सहाची गाडी ग्लेनिसशिवाय स्वान्सीला गेली.

आता कवळी जागेवर राहावी म्हणून एक कबूल करते. पेलिकन खरा, टोप खरा, गोंड्याची टोपी तर खरीच खरी. पण शेवटी इकडेतिकडे बघितलं नाही म्हटलं ना, ते मी पदरचं घातलं. बघितलं त्याने. प्रत्येक बस, प्रत्येक खिडकी, थांब्यावर आलेल्या प्रत्येकाचे हात, सगळं बघितलं. जायची नाही ती सवय. पण ग्लेनिसनेच मला सांगितलंय, दर वेळी मान वळायची, आणि दर वेळी त्याच्या अंगठ्याने तिच्या पापुद्र्याच्या कातडीवरून हलकेच एकदा फिरून बघायचं, हात आहे ना म्हणून.