ट्रक खाली कोण आणणार?

मी सायकल बोलतेय. कोणत्या जातीची, ते मात्र विचारू नका. ते ठरवता ठरवता भल्याभल्यांची डोकी फिरली आणि त्यांच्याबरोबर माझंही फिरलं.

तायवानमधल्या एका कारखान्यात माझी फ्रेम जोडली गेली. रंग पोपटी. खोक्यावर छापलं होतं 'फ्रीराइड', म्हणजे मन मानेल तिथून उड्या मारत डोंगर उतरणारी. कॅनडातल्या कॅल्गरी शहरातल्या दुकानदाराने मला 'डाउनहिल' म्हणून विकलं, म्हणजे उतारावरून सुसाट खाली सुटणारी. मला विकत घेणारा दातांचा डॉक्टर पाहुण्यांना सांगायचा, "ही शर्यतीची आहे बरं का!" शर्यत मी आजतागायत पाहिलेली नाही. त्याने मला चार वेळा डोंगरावर नेलं आणि मग सात वर्षं गॅरेजच्या भिंतीवर टांगून ठेवलं. माणसं दुकानातली सगळ्यात दणकट वस्तू हट्टाने आणतात आणि खुंटीला का लावतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

डॉक्टरने घर बदललं तेव्हा मी कॅसलगार या डोंगरातल्या गावी आले, ओडेटच्या जुन्या सायकलींच्या दुकानात. ओडेट क्विबेकची. झाडं लावण्याच्या कामाला एका उन्हाळ्यापुरती आली आणि इथेच राहिली. मी भिंतीवर लटकत होते तेवढ्या वर्षांत जगातल्या सायकलींची चाकं मोठी झाली होती. "सव्वीस इंची चाकं? आमच्या आजोबांच्या जमान्यातली!" असं म्हणून गिऱ्हाइकं पुढे सरकायची. माझं मन खट्टू व्हायचं, पण चाकं काही वाढवता येत नाहीत.

एप्रिलात एके दिवशी लूशा कॅनिगन आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, एकोणपन्नास वर्षांची, ठेंगणी आणि मनगटात जोर असलेली बाई. बरोबर तिचा धाकटा भाऊ एल्मर होता, लाकडाच्या गिरणीतला.

"कोणासाठी बघताय?" ओडेटने विचारलं.

"माझ्यासाठी."

एल्मर खो खो हसला. "अगं लूशे, तुला कशाला सायकल? तू तर ट्रकमध्ये असतेस!"

"अकरा वर्षं ट्रकमध्येच आहे रे. खाली येताना तुम्ही एवढे कशाला बोंबलता, ते मला नको कळायला?"

खरी गोष्ट अशी होती. दर रविवारी एल्मर आणि त्याचे तिघे मित्र लूशाच्या छोट्या उघड्या ट्रकच्या मागच्या फळीवर सायकली अडकवायचे आणि डोंगरमाथ्यावर जायचे. तिथून ते चौघे झाडीतल्या वाटेने उड्या मारत उतरायचे आणि लूशा रिकामा ट्रक रस्त्याने खाली आणायची. मग पुन्हा वर. बाकीच्या टोळ्यांत ट्रक आणायची पाळी लागते. यांच्यात ट्रक लूशाचा म्हणून चालवायचाही लूशानेच, हे कधी ठरलं ते कुणालाच आठवत नव्हतं.

एल्मरने एका काळ्या सायकलीवर थाप मारली. "घ्यायचीच तर ही घे. पुढचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग, आठ इंच दबतो. दगडांवरून जाशील तरी गादीवरून गेल्यासारखं वाटेल."

"जास्त दबतो म्हणजे चांगली का?" लूशाने विचारलं.

"उताराला चांगली. चढाला धोंडा," ओडेट म्हणाली आणि तिने मला पुढे ओढलं. "ही बघ. चाकं जुन्या मापाची म्हणून स्वस्त. पण फ्रेमला कुठे चीर नाही, सांधे खुळखुळत नाहीत. मागचं दातेरी चक्र मोठं आहे, वेळ पडली तर रडतखडत चढेलही. उरलेल्या पैशांत तोंड झाकणारं हेल्मेट घे आणि ब्रेक नवे टाक. रंग बघून सायकल घेणारे माझ्याकडे महिन्याभरात परत येतात."

"मग कोणती घेऊ?"

"ते मला काय विचारतेस? वर जाणार ट्रकने ना? मग ट्रक खाली कोण आणणार, ते आधी ठरव."

एल्मर तिथली एक घंटी फारच बारकाईने न्याहाळू लागला. "आणू की आम्ही. पाळी लावू," तो घंटीकडे बघूनच म्हणाला.

पुढच्या दोन आठवड्यांत लूशा तीनदा आली. काळीवर बसायची, माझ्यावर बसायची, पुन्हा काळीवर. तिचा काही निर्णय होईना आणि मला वाटे, ही मला घेतेय की नुसती माझी सीट पुसतेय? शेवटी एकदा ती ओडेटला म्हणाली, "काळी घेतली तर एल्म्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा. पोपटी घेतली तर स्वतःच्या पायांवर. खरं सांगू? दोन्हींचा भरवसा नाही."

तिने मला घेतलं. मला अतोनात आनंद झाला. "धड ना इकडची, धड ना तिकडची," एल्मर म्हणाला. राग आला, पण तो चुकीचं बोलतोय असंही मला म्हणता येईना.

पहिल्या रविवारी मी नटूनथटून ट्रकच्या फळीवर लटकले. माथ्यावर सगळे उतरले. "लूशे, आजच्या दिवस ट्रक तू घेऊन ये हं. पुढच्या खेपेला नक्की मी," असं म्हणून एल्मर झाडीत दिसेनासा झाला. मी ट्रकमधून वर गेले आणि ट्रकमधूनच खाली आले. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्यालाही तेच. मी सायकल आहे की बटाट्याचं पोतं, हेच मला समजेनासं झालं. घरी आल्यावर लूशा माझ्या न मळलेल्या चाकांकडे बघत पायरीवर बसून राहायची. मला तिची फार कीव यायची.

चौथ्या रविवारी एल्मर पुन्हा "आजच्या दिवस" म्हणाला आणि चौघे गेले. लूशा थोडा वेळ उभी राहिली. मग तिने मला खाली उतरवलं, हेल्मेट चढवलं, ट्रकला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि ती माझ्यावर बसली.

तो उतार काय सांगू! पहिल्या वळणावर तिने दोन्ही ब्रेक आवळले आणि आम्ही दोघी नेच्यांच्या झुडपात आडव्या झालो. दुसऱ्या वळणावर पुन्हा. मोठ्या खडकाला ती खाली उतरून, मला हाताने धरून चालत गेली. उडी घेण्यासाठी ठोकलेली एक लाकडी फळी आली, गुडघ्याएवढीच उंच, पण लूशा तिच्यापुढे तीनदा थांबली. चौथ्यांदा तिने ब्रेक सोडले. माझी दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली आणि लूशा अशी काही ओरडली की झाडावरचा कावळा उडाला. त्या क्षणी मी फ्रीराइड होते की डाउनहिल, देव जाणे.

खाली चौघे ट्रकची वाट बघत होते. झाडीतून आम्ही चिखलाने माखून बाहेर आलो.

"ट्रक कुठाय?" एल्मरने विचारलं.

"वर." तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली. "आण जा."

"सहा किलोमीटरचा चढ आहे, लूशे! माझी सायकल चढत नाही."

"माझी ने. रडतखडत चढते."

एल्मर माझ्यावर बसला तर त्याचे गुडघे हनुवटीला लागायला लागले. तो घामाघूम झाला, मला शिव्या देत होता, मध्येच माझीच माफी मागत होता. त्याचा राग माझ्यावर आहे, बहिणीवर आहे की स्वतःवर, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दीड तासाने आम्ही ट्रक घेऊन खाली पोचलो. लूशा गवतात बसून मित्रांना थर्मासातलं बोर्श्त, बिटाचं गरम सार, वाढत होती.

एल्मर तिच्याशेजारी बसला. मग म्हणाला, "ट्रक तर आमच्याआधी पोचतो. मग दर खेपेला एकटी काय करायचीस गं इथे?"

"तुम्हाला मोजायचे," लूशा म्हणाली. "झाडीतून एकेक बाहेर येईपर्यंत. चार झाले की हायसं वाटायचं."

एल्मरने वाडगा खाली ठेवला. दोन चमचेसुद्धा खाल्ले नव्हते. "चल, ऊठ," तो म्हणाला. "आता मी चालवतो."

तेव्हापासून पाळी लागली आहे. माझ्या फ्रेमवर ओरखडे पडलेत आणि मागचं चाक जरासं लचकत फिरतं. माझी जात अजून ठरलेली नाही आणि आता कुणी ठरवायलाही बसत नाही. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगते, सायकल घ्यायला जाल तेव्हा शॉक किती इंच दबतो ते मागाहून विचारा. तुमच्यासाठी ट्रक खाली कोण आणणार, ते आधी विचारा.

चला, माथा आला. लूशा मला उतरवतेय. आज पाळी एल्मरची. तो खाली मोजत उभा राहील, त्याला फार वेळ ताटकळत ठेवणं बरं नाही.